पऱ्ह्याचा रंग

आमच्या भागात गाडी रंगवायला टाकायची तर पंचांग पाहून भागत नाही, धान पाहावं लागतं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, हेही खरं. घरचे म्हणतात माझा स्वभाव तापट आहे. मी म्हणतो, मला थांबता येत नाही एवढंच, बाकी मी गरीब माणूस आहे. पण त्या वर्षी थांबायची सोयच नव्हती, कारण बाबूजींचे डोळे थांबायला तयार नव्हते.

बाबूजी म्हणजे माझे वडील. साकोलीहून आत गेलं की तळ्याच्या पाळीला लागून आमचं गाव. गावात शेती सगळ्यांचीच, आमचीही. पण बाबूजींनी उभं आयुष्य किरायाची गाडी चालवली. गाडी एकच, अ‍ॅम्बेसेडर. पंचक्रोशीत दुसरी गाडी नव्हती तेव्हाची ती. अडलेली बाळंतीण, हळद लागलेला नवरदेव, साप चावलेला माणूस, सगळे तिच्यातूनच जायचे. पुढे घरोघरी गाड्या आल्या, बाबूजींचे गुडघे गेले आणि ती गाडी धान साठवायच्या कोठ्यात पोत्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या टपावर मांजर व्यायची.

नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आहे, डोळ्यामागची नस वाळत चालली आहे. गेलेली नजर परत येत नसते. उरलेली थेंबांच्या औषधावर जितकी टिकेल तितकी टिकेल. मोतीबिंदूही चांगला पिकला होता, पण त्याला हात लावावा तर उरलंसुरलंही जायची भीती. बाबूजींना तेव्हा नाकासमोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं काही नाही, आणि तेही हातभर अंतरावरचं. ताटातली भाजी दिसली तर शेजारची वाटी चाचपावी लागायची.

परतताना बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. भंडारा मागे पडल्यावर म्हणाले, "एक काम करशीन?"

"सांगा जी."

"गाडी हिरवी कर. आनली होती तशी. दिसते तोवर पाहून घेतो."

मी म्हटलं, एवढंच ना, करून टाकू. मला वाटलं म्हाताऱ्याला जुने दिवस आठवले. थोड्या वेळाने त्यांनीच पुढचं सांगितलं, खिडकीकडेच तोंड ठेवून. "तो रंग तुह्या मायनं निवडला होता. मी झाकून टाकला."

ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण ती बाबूजींच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. गाडी घ्यायला ते मायला नागपूरला घेऊन गेले होते. शोरूममधल्या माणसाने रंगांच्या पट्ट्या पुढे केल्या. सोबत आलेली चार शहाणी माणसं म्हणाली पांढरा घ्या, काळा घ्या. बाबूजींनी गमतीने पट्ट्या मायपुढे सरकवल्या. मायने तोवर स्वतःचं लुगडंही निवडलेलं नव्हतं. सासू आणेल ते नेसायचं. तिने सरळ एका फिकट हिरव्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा. पऱ्ह्याचा." पऱ्हे म्हणजे रोवणीआधी, लावणीआधी, वाफ्यात उगवलेली धानाची रोपं. तो हिरवा डोळ्यात भरत नाही, डोळ्यात उतरतो. बाबूजींनी तीच गाडी घेतली. पण पुढे गाडी सरकारी साहेबांच्या कामाला लागली, आणि साहेबाला हिरव्या गाडीत बसणं कमीपणाचं वाटायचं, म्हणून एका उन्हाळ्यात ती पांढरी झाली. माय काहीच बोलली नाही. बाबूजींच्या मनात मात्र ती गोष्ट तेव्हापासून बसलेली होती, हे त्या बसमध्ये कळलं.

म्हणून अखजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, होताच मी गाडी हायवेवरच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे टाकली. माणूस कसबी. त्याच्या हाताखालून गेलेल्या गाडीचा पत्रा आरशासारखा व्हायचा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "होऊन जाते जी." या तीन शब्दांवर मी विश्वास ठेवला.

पहिले काही दिवस काम धडाक्याने चाललं. बंपर, दिवे उतरले, जुना रंग खरवडला गेला, पत्रा उघडा पडला. मग त्याचा कारागीर पऱ्हे टाकायला गावी गेला. तो येतो तोवर रोवणी लागली, तेव्हा मालकच गेला. रोवणी आटोपली तर पाऊस. "पावसात रंगाची गन मारली त रंग पांढरा पडते जी, दमट हवा चालत नाही," तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. पाऊस ओसरला तर पोळा, मग गणपती, मग हलकं, लवकर पिकणारं धान कापणीला आलं. त्याचं एकही कारण खोटं नव्हतं, हाच माझा खरा वैताग. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

मी दर आठवड्याला जायचो. प्रत्येक वेळी गाडी तशीच, नुसता पत्रा, आणि आत कोंबडी. एकदा मागच्या सीटवर अंडी सापडली. मी आरडाओरडा केला, तर त्याची बायको ती अंडी पदरात घेऊन आली आणि म्हणाली, "घेऊन जा जी घरी, तुमच्याच गाडीतली आहेत." मी अंडी घेऊन घरी आलो.

घरी आलो की बाबूजी विचारायचे, "कोठवर आली?" मी म्हणायचो, पुट्टी लागून राहिली. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही कधी. पण रोज दुपारी ते ओसरीवर बसून एक हात डोळ्यांसमोर धरायचे आणि बोटं हलवायचे. काय करताय विचारलं तर म्हणायचे, "पाहून राहिलो, आहे का गेलं." उन्हाळ्यात त्यांना पाचही बोटं एकदम दिसायची. पोळ्याच्या सुमाराला तीन दिसू लागली. हे त्यांनी मायला सांगितलं, मायने मला, आणि मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्याच काळात घरात आणखी एक कटकट चालली होती. बाबूजींचं धोतर. "पिवळंच हाय," ते म्हणायचे. "धुतलं का नुसतं भिजवलं?" माझी बायको बिचारी घासून घासून धुवायची, मग नीळ द्यायची, मग आणखी नीळ द्यायची. शेवटी ते धोतर इतकं निळं झालं की बाबूजी अंगणात आले की आभाळाचा तुकडा चालत आल्यासारखा वाटायचा. तेव्हा कुठे म्हणाले, "आता पांढरं झालं." रोवणीआधी शेतावरही तसंच झालं होतं. पऱ्ह्यांजवळ मी त्यांना हात धरून नेलं तर वाकून म्हणाले, "पिवळे पडले गा, युरिया मार." मी युरिया मारला. पुन्हा म्हणाले, पुन्हा मारला. पऱ्हे माजून गुडघ्याला लागले आणि गावाने मला वेड्यात काढलं. म्हातारपणी माणूस किरकिरा होतो, एवढाच अर्थ आम्ही लावला.

दिवाळी झाली आणि माझा बांध फुटला. गॅरेजवाल्याच्या अंगणात उभा राहून मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्याच्या पायाला चिखल होता, तो नुकता धानाच्या बांधीतूनच आला होता. "तुमचं बरोबर आहे जी," तो म्हणाला, "पन भारी धान उभं आहे, मानूस भेटत नाही." मी म्हटलं, गाडी घेऊन जातो. घरी रंगवतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, आत गेला आणि स्वतःची रंगाची गन फडक्यात गुंडाळून आणून माझ्या हातात दिली. "एका वितीवर धरा. हात चालता ठेवा. थांबला का ओघळला." माझा राग तिथेच निम्मा झाला. उरलेला निम्मा मी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत आणताना वाटेत संपवला.

घरी बायको दारातच उभी होती. "आता?"

"आता मी रंगवतो."

"तुम्ही कधी रंगवलं काही?"

माझा रंगकामाचा एकूण अनुभव पोळ्याला बैलांची शिंगं रंगवण्यापुरता होता, आणि तेही बैलाने मान हलवली की कानापर्यंत जायचं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "चाला, गाडी तरी मान हालवत नाही." आणि पदर खोचून पाण्याची बादली घेऊन आली.

कोठ्यातली पोती आम्ही एका बाजूला लावली आणि गाडी मधोमध घेतली. आधी पुट्टी, मग घासणं. काळा वॉटर पेपर पाण्यात बुडवायचा आणि घासत राहायचं, पुन्हा पुट्टी, पुन्हा घासायचं, जोवर तळहाताला काही लागत नाही तोवर. डोळ्याला सपाट दिसणारा पत्रा तळहाताला खोटा पडतो. हे मायला माझ्याआधी कळलं. तिने जन्मभर भिंती सारवल्या, तिचा तळहात एकदा फिरला की ती म्हणायची, "इथं खड्डा आहे." मी बोट ठेवून पाहायचो, खड्डा असायचा. बाबूजी खुर्ची टाकून बाजूला बसायचे आणि आवाज ऐकायचे. कुठला भाग घासणं चालू आहे हे ते आवाजावरून ओळखायचे. "डाव्या मडगार्डवर हळू, तिथं मी एकदा पवनीच्या रस्त्यावर दगडाले ठोकली होती." त्या दिवसांत आमच्या घरात जेवढ्या गप्पा झाल्या तेवढ्या त्याआधीच्या कित्येक वर्षांत झाल्या नसतील. वैताग बाजूला ठेवून सांगतो, मला ते दिवस फार आवडले.

मग रंग. मी साकोलीहून हिरव्या, पांढऱ्या आणि निळ्या रंगाचे डबे आणले. शोरूमची पट्टी कोणाकडे नव्हती, फोटो होते ते काळे-पांढरे. तेव्हा रंग ठरवणार कोण? ज्यांच्यासाठी करायचं तेच. मी हिरव्यात पांढरा घालून फिकट केला, पत्र्याच्या तुकड्यावर लावला आणि तो तुकडा बाबूजींच्या डोळ्यांसमोर धरला.

"छे. हे त पिकलेलं धान झालं."

मी थोडा निळा घातला. "अजून पिवळाच." आणखी घातला. बाबूजी प्रत्येक तुकडा डोळ्याला लावल्यासारखा जवळ घ्यायचे, डावा डोळा मिटून, मग उजवा मिटून. बायको आणि मी एकमेकांकडे पाहू लागलो, कारण डब्यातला हिरवा केव्हाच हिरवा राहिला नव्हता. सरकारी दवाखान्याच्या भिंतींना असतो तसा निळा झाला होता तो. मला वाटलं आता हे चिडतील. पण पुढचा तुकडा बाबूजींनी दोन्ही डोळ्यांना आलटून पालटून लावला. मग म्हणाले, "हा." आणि तो तुकडा त्यांनी खिशात ठेवला.

माय तिथेच तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर करून डब्यात पाहिलं आणि पुन्हा सुपात पाहू लागली.

मी स्वतःशी म्हटलं, आपल्यालाच आठवत नसेल. मी तेव्हा लहान होतो. आठवणीतला हिरवा मीच मनाने केलेला असेल. दुसऱ्या दिवशी गन मारायची म्हणून मी दारांची रबरं काढायला घेतली. मागचं डावं दार उघडलं, चौकटीचं जुनं कडक झालेलं रबर ओढलं, आणि खाली दोन बोटं रुंदीची पट्टी निघाली. पांढऱ्या रंगवाल्याने तेव्हा आळस करून रबर न काढताच रंग मारला होता, आणि गॅरेजवाल्याचाही हात तिथवर पोचला नव्हता. त्या पट्टीवर ऊन पडलं नव्हतं, पाऊस नव्हता, धूळ नव्हती. शोरूममधून आला तसा रंग तिथे होता. फिकट, कोवळा, पाण्यातून वर आलेला हिरवा. माझ्या आठवणीतलाच होता.

मी बाबूजींना हात धरून आणलं आणि त्यांचं बोट त्या पट्टीवर ठेवलं. ते वाकले, डोळा पट्टीला लागेल इतके वाकले. "हे पिवळं पडलं," ते म्हणाले. "जुनं झालं ना गा. उन्हानं उडालं."

तिथे ऊन कधी पडलंच नव्हतं. बायको मागे उभी होती. तिने एकदा त्या पट्टीकडे पाहिलं, एकदा माझ्या डब्याकडे, आणि एकदा बाबूजींच्या निळ्या धोतराकडे. ते खुर्चीवर जाऊन बसल्यावर तिने मला कोठ्याबाहेर ओढलं. "आपन किती येडे जी!" ती म्हणाली. "त्यायले सगळंच पिवळं दिसून राहिलं. धोतर पिवळं, पऱ्हे पिवळे. मी नीळ देऊन राहिली, तुम्ही युरिया मारून राहिले!" आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी सांगितलेला तो पिकलेला मोतीबिंदू सगळ्या जगाला पिवळं करत होता, आणि आम्ही जग धूत बसलो होतो.

आता माझ्यापुढे दोन रंग होते. पट्टीवरचा खरा हिरवा लावला तर गाडी आणली होती तशी होणार होती, पण बाबूजींना ती पिकल्या धानासारखी दिसणार होती. डब्यातला निळा लावला तर त्यांना हिरवी दिसणार होती, आणि बाकी सगळ्या जगाला दवाखान्याची भिंत. शिवाय हे सगळं चाललं होतं ते मायच्या रंगासाठी. तिचा रंग झाकला गेला याचीच तर बाबूजींना बोच होती. तो परत आणायचा म्हणून मी आता दुसरा रंग लावून तो पुन्हा झाकणार होतो. मला काही सुचेना, आणि सुचेनासं झालं की मी चिडतो. मी पालथा डबा लाथाडला.

माय आली. तिने सगळं ऐकलं होतं. आमचं घर मोठं नाही आणि माझा आवाज लहान नाही. ती दाराजवळ बसली, पट्टीवरून एकदा अंगठा फिरवला. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "त्यायले जो दिसते तोच लाव."

"माय, पन हा तुह्या..."

"मले दिसते बाबा. मले आता कोनताही रंग दिसते, जलमभर दिसन. त्यायचं राहिलं किती?"

तिने खाली पडलेला चिकटपट्टीचा रोल उचलून माझ्या हातात दिला. "येवढ्यावर चिकटव," ती त्या दोन बोटांच्या पट्टीकडे पाहत म्हणाली. "येवढं राहू दे." मी त्यावर चिकटपट्टी लावली, कडा नखाने नीट दाबल्या.

रंगाच्या दिवशी धुळीची भीती. मार्गशीर्ष लागलेला, गावभर कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले, आणि आमच्या शेजाऱ्याची धान चुरायची मशीन कोठ्याला लागूनच. ती चालू झाली की कोंडा आभाळात. मी त्याला सांगायला गेलो. आभाळ ढगाळलेलं होतं, पुंजणे उघड्यावर होते. नाही म्हणाला असता तरी त्याचं चुकलं नसतं. त्याने कारण विचारलं. मी बाबूजींच्या डोळ्यांचं सांगितलं. त्याने मशीनचा पट्टाच काढून ठेवला. "माह्या पोराचा जन्म त्याच गाडीत झाला जी, साकोलीच्या नाक्यावर," तो म्हणाला. "धान काही आज पळून जात नाही." आणि स्वतःच कोठ्याच्या फटींना ओली पोती लावायला आला.

माय आणि बायकोने कोठ्याची जमीन शेणाने सारवून घेतली, म्हणजे खालची धूळ बसते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणला होता. नाकाला ओला रुमाल बांधून मी गन उचलली. पहिला हात टपावर मारला, धूर निघावा तसा रंग निघाला. एका वितीवर, चालता हात. बोनेट जमलं. दारं जमली. मला गर्व झाला आणि मी बायकोकडे पाहिलं. तेवढ्यात हात थांबला आणि मागच्या मडगार्डवर एक लांब ओघळ उतरला. माझ्या तोंडून शिवी गेली. माय म्हणाली, "राहू दे, गाडीले बी एक शेंबूड पायजे." त्या ओघळावर आजही बोट फिरवलं तर लागतो.

रंग वाळला. बंपर बसले, दिवे बसले, दारांची रबरं बसली. सकाळी ऊन अंगणात आलं तेव्हा आम्ही गाडी ढकलत बाहेर काढली. बाबूजी निळं धोतर, धुतलेला सदरा घालून खुर्चीवर बसले होते. मी गाडी त्यांच्यासमोर उभी केली. त्यांनी मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मला कळेना काय झालं. मग लक्षात आलं. त्यांना एका वेळी गाडीचा तळहाताएवढाच तुकडा दिसत होता. अख्खी गाडी त्यांना दिसणारच नव्हती.

"मी इथंच बसतो," ते म्हणाले. "तुम्ही गाडी चालवा. हळू."

मग मी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं, मागून बायको आणि शेजारी ढकलू लागले, आणि गाडी त्यांच्या खुर्चीला लागून मुंगीच्या चालीने पुढे सरकू लागली. आधी दिवा गेला, मग मडगार्ड, मग पुढचं दार. बाबूजी हलत नव्हते. नजर एकाच जागी रोखलेली आणि तिच्यासमोरून सगळी गाडी जाऊन राहिली होती. मागचा ओघळ आला. त्यांनी बोट पुढे केलं, ओघळावर ठेवलं आणि म्हणाले, "इथं बायकोकडे पाहिलं वाटते." सगळे हसले. डिक्की गेली, गाडी संपली.

"मागं घ्या," बाबूजी म्हणाले.

आम्ही गाडी मागे घेतली. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. शेजारी घामाघूम झाला, पण बस म्हणाला नाही. शेवटी बाबूजींनीच हात वर केला. खिशातून तो रंगाचा तुकडा काढून दारावर ठेवून पाहिला. मग मागे उभ्या असलेल्या मायकडे तोंड वळवलं, म्हणजे ती जिथे असेल असं त्यांना वाटलं तिकडे.

"आला वं तुहा रंग."

"आला," माय म्हणाली. तिने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला तिच्याकडे पाहवेना.

गावाने अर्थातच विचारलं. येणारा जाणारा म्हणायचा, अरे, ही तर हिरवी होती ना? त्याला आधी बाजूला नेऊन सांगावं लागायचं. मग तो ओसरीवर जाऊन मोठ्याने म्हणायचा, "बाबूजी, पऱ्ह्यासारखी दिसून राहिली जी गाडी!" गन परत करायला गेलो तर गॅरेजवाला म्हणाला, मी येऊन पाहतो. आला, रंग पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. तो ओसरीवर गेला आणि बाबूजींना म्हणाला, "माह्याकडून असा रंग झाला नसता जी." निघताना मला म्हणाला की तो ओघळ घासून देतो, फक्त उन्हाळी धान निघू द्या.

उन्हाळा यायच्या आधीच बाबूजींचं उरलेलंही गेलं. एका सकाळी त्यांनी डोळ्यांसमोर हात धरला, बोटं हलवली आणि हात मांडीवर ठेवून दिला. त्यांनी आकांत केला नाही, आम्हीही त्यांच्यासमोर केला नाही. आता ते दुपारी अंगणातल्या बाजेवर पडून असतात. गाडी बाजूलाच लिंबाच्या सावलीत उभी असते. बायको धोतराला आता बेताचीच नीळ देते.

परवा मी शेतावरून लवकर आलो. मायला वाटलं असावं कोणी नाही. ती गाडीचं मागचं डावं दार उघडून वाकून उभी होती. चौकटीचं रबर एका बोटाने बाजूला धरलेलं आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या पट्टीवर. मी फाटकाजवळच थांबलो.

बाबूजींनी बाजेवरूनच दाराचा आवाज ओळखला. "काय करून राहिली वं?"

"रंग पाहून राहिली."

"तोच आहे ना?"

मायने पट्टीवरून बोट उचललं नाही. "तोच आहे," ती म्हणाली. मग तिने रबर अंगठ्याने दाबत दाबत वरपासून खालपर्यंत जागेवर बसवलं आणि दार लावून घेतलं.